ओढ्याची दुरुस्ती : खर्च कुठे करावा?

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमाकाठचे गाव. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते आणि या नदीपट्ट्यात जलपर्णी माजते. ती उपसण्यात पैसा जातो, पण घाण तशीच राहिल्याने ती पुन्हा वाढते.

मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती पाण्यावर तरंगते, ऊन अडवते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. काठच्या चिखलात मुळे रोवणारे पाणकणीस, वाळा, कर्दळ यांचे काम उलटे आहे. ती गाळ धरतात, पाण्याचा वेग कमी करतात. मुळांवरचे जिवाणू घाण पचवतात. जर्मनीत कॅथे झाइडेल यांनी १९५० च्या दशकात असे प्रयोग केले. नागपूरच्या 'नीरी' संस्थेची 'फायटोरिड' पद्धत याच तत्त्वावर चालते.

वाळ्याच्या मुळांपासून खसचे अत्तर व पडदे, पाणकणसाच्या पानांपासून चटया होतात. कारागिरांना यात काम आहे. मात्र काठावरचा वाळा उपटला तर काठ ढासळेल. विक्रीचा वाळा शेतात वेगळा लावावा.

रंगारी बांधवांनीही एक हिशेब ध्यानात ठेवावा. रंगांतील जड धातू वनस्पती नष्ट करीत नाहीत. ते मुळांत व गाळात साठतात. हौदातील रंगाचे पाणी ओढ्यात सोडून वर रोपे लावणे म्हणजे फाटक्या कापडाला इस्त्री करणे!

अख्खी नदी एका गावाच्या आवाक्यात नाही, ओढा आहे. आधी त्यात पडणारी घाण थांबवावी, पूर ओसरल्यावर रोपे लावावीत. खर्च तिथेच सार्थकी लागेल.