आगोटीआधीची परीक्षा: मेश रेडिओच्या फर्मवेअरचा मागोवा

शुक नदीला पूर आला की सिंधुदुर्गातल्या खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, ही इथली पावसाळ्यातली नेहमीची धास्ती. पाण्यापाठोपाठ वीज जाते, मग मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते आणि वरच्या वाडीत काय चाललंय ते खालच्या वाडीला कळेनासं होतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले नि फोन मुके झाले. दोनच महिन्यांनी, २२ जुलैला, चिपळूण बुडालं. टॉवरवाचून निरोप पोहोचवणाऱ्या मेश रेडिओकडे कोकणातला माणूस गंभीरपणे पाहतो, तो या अनुभवामुळे.

मेशमध्ये मधलं केंद्र नसतं. प्रत्येक यंत्र शेजारच्याचा निरोप ऐकतं आणि पुढच्याला देतं. ते किती वेळ थांबेल, कोणता निरोप पुढे नेईल, कोणता सोडून देईल, हे सगळं आतली मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, ठरवतं. म्हणून या तंत्राची वाटचाल सांगायची तर नवं, कच्चं फर्मवेअर आपल्या यंत्रात घालून पाहणाऱ्या माणसांबद्दलच सांगावं लागतं.

सुरुवात १९७८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, मंडळींनी केली. रेडिओवरून संगणकाची माहिती पाकिटं करून पाठवण्याचे त्यांचे प्रयोग पुढे पॅकेट रेडिओ म्हणून जगभर गेले. १९८० च्या दशकात नेट/रॉम हे फर्मवेअर आलं आणि एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर निरोप आपोआप जाऊ लागला. तेव्हा फर्मवेअर बदलायचं म्हणजे यंत्र उघडून चिप उपसायची आणि दुसरी बसवायची. चुकलं तर सारी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं वळण २००३ चं. लिंक्सिस कंपनीच्या घरगुती वायफाय राउटरमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं आणि कंपनीला त्याचा स्रोत खुला करावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं फर्मवेअर निघालं. अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी त्याच पायावर हौशी रेडिओसाठी मेश फर्मवेअर बांधलं, आणि त्याच वाटेवर पुढे एआरईडीएन हा प्रकल्प उभा राहिला. त्यावरून चित्रफीत आणि आवाजही जातो. या प्रकल्पाची रोजच्या रोज तयार होणारी प्रायोगिक आवृत्ती जगभरचे स्वयंसेवक आपल्या छपरावरच्या यंत्रात घालतात आणि काय बिघडलं ते कळवतात. पक्की आवृत्ती तयार होते ती या लोकांच्या जिवावर.

ही वाट हॅम मंडळींची, आणि भारतात हॅम होण्यासाठी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा द्यावी लागते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा, २००४ ची त्सुनामी, या प्रत्येक वेळी परवानाधारक हौशी रेडिओचालक मदतीला धावले. पण गावोगावी परवानाधारक मिळत नाहीत. ही अडचण हलकी झाली ती २०२० मध्ये केव्हिन हेस्टर यांनी सुरू केलेल्या मेशटॅस्टिकमुळे. हातात मावणारी, कमी शक्तीत लांब पल्ला गाठणाऱ्या लोरा तंत्रावर चालणारी यंत्रं आणि त्यात घालायचं खुलं फर्मवेअर. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा मर्यादित शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ पासून विनापरवाना आहे, त्यामुळे शिक्षक, दुकानदार, कॉलेजचा मुलगा, कोणीही ती वापरू शकतो. वेग नेहमीच्या मांडणीत सेकंदाला जेमतेम एक किलोबिट. फोटो विसरा, ‘पाणी पुलाला लागलं’ एवढं सांगायला मात्र तो पुरतो.

खारेपाटणची जमीन या यंत्रांची खरी परीक्षा घेते. बाजारपेठ नदीकाठच्या खोलगटात, भोवती डोंगर आणि वर जांभ्याचा सडा. या लहरींना समोरासमोरची मोकळी वाट लागते. पावसाच्या सरी त्यांना फारशा अडवत नाहीत, ओली गच्च झाडी मात्र अडवते. मे महिन्यात सहज पोहोचणारा निरोप श्रावणात वाटेतच विरतो. म्हणून एक यंत्र सड्यावर हवंच. त्याला पुनःप्रक्षेपकाची भूमिका द्यायची आणि घरातल्या यंत्रांना साधं ठेवायचं. खोलगटातल्या घरच्या यंत्रालाही तीच भूमिका दिली तर ते उगाच मध्ये बोलतं, आणि निरोपाला मूळ मांडणीत मिळणाऱ्या तीनच टप्प्यांपैकी एक टप्पा वाया जातो. ट्रेसरूट मागवला की निरोप कोणाकोणाच्या हातून गेला ते दिसतं, आणि हे दुखणं लगेच पकडता येतं.

बॅटरीचंही तसंच. ईएसपी३२ चिपवरचं यंत्र सतत चालू ठेवलं तर एका अठरा-सहाशे-पन्नास सेलवर दिवस-दीड दिवस काढतं. एनआरएफ५२ चिपवरचं यंत्र साधारण दहापट कमी वीज खातं. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा सड्यावर सौर पत्र्याखाली कोणतं ठेवायचं हे निराळं सांगायला नको.

आता नवी आवृत्ती घालणं सोपं झालंय. एनआरएफ५२ च्या यंत्रावर रिसेटचं बटण भरभर दोनदा दाबायचं. संगणकावर ते पेनड्राइव्हसारखं दिसतं. त्यात फाइल टाकली की यंत्र आपणहून बंद होऊन नव्या फर्मवेअरसह उठतं. त्याआधी दोन गोष्टी चुकवू नयेत: मांडणीची प्रत काढून ठेवणं आणि अँटेना घट्ट बसवणं. अँटेनाशिवाय प्रक्षेपण केलं तर रेडिओची चिपच जाऊ शकते.

पण सोपं झालं म्हणून धोका संपलेला नाही. मेशटॅस्टिकची २०२२ ची २.० आवृत्ती जुन्या १.२ शी बोलतच नव्हती; अर्ध्या गावाने आवृत्ती बदलली आणि अर्ध्याने नाही, तर एका गावात दोन मुकी जाळी. २०२४ मध्ये २.५ ने खासगी निरोपांना प्रत्येक यंत्राची स्वतःची गुप्ततेची किल्ली दिली. २०२५ मध्ये लक्षात आलं की काही उत्पादकांनी एकाच यंत्राची प्रत अनेकांवर उतरवल्यामुळे त्या सगळ्यांची किल्ली एकच झाली होती. २.६.११ मध्ये दुरुस्ती आली, आणि दुबळ्या किल्लीची सूचनाही यंत्र देऊ लागलं.

इतक्या वर्षांच्या या वाटचालीतून मला एकच शिकवण ठळक दिसते: प्रयोगाचा ऋतू आणि भरवशाचा ऋतू वेगळे ठेवावेत. दिवाळी ते एप्रिल कच्ची आवृत्ती खुशाल घालावी. मात्र एका वेळी एकच यंत्र बदलावं, बाकीची जुन्यावर ठेवावीत आणि जागा, तारीख, आवृत्ती, निरोप पोहोचला की नाही याची वहीत नोंद करावी. मे महिन्यात घरात आगोट भरतो, तशीच सगळ्या यंत्रांवर एकच पक्की आवृत्ती भरावी आणि मृगानंतर हात लावू नये, मग नव्या आवृत्तीत कितीही चांगली सोय येवो. पुराच्या रात्री कुणाला नवी सोय नको असते, निरोप पोहोचायला हवा असतो.

आणि वहीतली ती नोंद विकासकांपर्यंत गेलीच पाहिजे. ज्यांनी हे फर्मवेअर लिहिलं त्यांनी कोकणातला पाऊस, सडा आणि ओली झाडी पाहिलेली असेलच असं नाही. आपण कळवलं नाही, तर पुढची आवृत्ती कोरड्या, सपाट मुलखापुरती घडेल. सिंधुदुर्गातल्या शाळा-कॉलेजांतल्या विज्ञान मंडळांनी आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या मंडळींनी हे काम मिळून हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यंत्रं महाग नाहीत आणि परवान्याची अट नाही. दिवाळीनंतरचे कोरडे महिने हाताशी असतात, ते वाया जाऊ देऊ नयेत.