एका मिनिटाची गोष्ट

मी मराठीचा अध्यापक. इंग्रजी उच्चारांची उठाठेव मी कशाला करावी, असे कुणी विचारले तर ते रास्तच आहे. पण एका इंग्रजी शब्दाने मला चांगलाच धडा शिकविला. तो शब्द म्हणजे आपणा सर्वांच्या तोंडचा 'मिनिट'!

कॉलेजच्या वाङ्मय मंडळाची सभा होती. चिटणीस झालेला मुलगा खेड्यातला. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. वही घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "मागील सभेचे मायन्यूट्स वाचतो."

झाले! एकच हशा पिकला. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. पोराचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्याचा राजीनामा होता.

घरी सौभाग्यवतींना ही हकिकत रंगवून सांगितली. त्यांना हसू आले नाही. "पण त्या मुलाला तो उच्चार सुचला कुठून?" एवढेच त्यांनी विचारले. निमूटपणे मी शब्दकोश काढला.

वाचकहो, त्या मुलाचा उच्चार खोटा नव्हता. फक्त जागा चुकली होती. 'अगदी बारीक, सूक्ष्म' या अर्थाचे जे विशेषण आहे, त्याचा उच्चार 'मायन्यूट' असाच होतो आणि आघात शेवटावर पडतो. घड्याळातले मिनिट आणि सभेचे मिनिट्स यांत तो आघात पहिल्या अक्षरावर येतो. स्पेलिंग मात्र सगळ्यांचे एकच! पुस्तकातून इंग्रजी शिकणाऱ्याने करावे तरी काय?

बरे, ही सारी भावंडेच. 'लहान केलेला' अशा अर्थाचा लॅटिन शब्द हे त्यांचे मूळ. ज्योतिषांनी अंशाचे साठ भाग केले, तो 'पहिला बारीक भाग' म्हणजे मिनिट. त्याचे पुन्हा साठ केले, तो 'दुसरा बारीक भाग'; म्हणून त्याचे नाव सेकंद, म्हणजे चक्क 'दुसरा'! पुढे हीच नावे तासाच्या भागांना मिळाली. हॉटेलातला 'मेन्यू'देखील फ्रेंचांच्या घरून आलेला याच कुळातला. आणि सरकारी टिपणालाही मिनिटच म्हणतात. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडली, ती अशाच एका मिनिटात. आपल्याला या उच्चारांच्या फेऱ्यात लोटणारा कागदही मिनिटच निघावा, ही गंमत नव्हे काय?

आपल्याकडे अंशाच्या साठाव्या भागाला 'कला' म्हणतात. जुन्या ज्योतिषग्रंथांत त्याला 'लिप्ता' असेही नाव आहे. ते ग्रीकांकडून आले आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पुन्हा 'बारीक' असाच! आपल्या पूर्वजांनी तो शब्द आपल्या जिभेला मानवेल तसा वळवून घेतला. त्यांना कुणी हसले असेल काय?

आणि आपली मराठी तरी कुठे सरळ आहे? 'जरा थांबा' यातला 'ज' वेगळा आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यातला वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच. परप्रांतीय पाहुणा इथे अडखळला तर आपण त्याला कौतुकाने सांभाळून घेतो. मग आपल्याच मुलाला का नाही? ज्याच्या घरी तो शब्द कधी कुणी बोललेच नाही, त्याला तो कानाआधी डोळ्यांनी भेटतो. त्याचा चुकलेला उच्चार अज्ञानाची खूण नसून वाचनाची खूण असते.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. वरची सारी हकिकत सांगितली आणि म्हणालो, "त्या दिवशी चूक चिटणिसांची नव्हती, हसण्याची होती, आणि त्यात मीही होतो." मग राजीनाम्याचा कागद त्या मुलाच्या हातात परत दिला. तो क्षणभर घुटमळला, वही उघडली आणि सावकाश म्हणाला, "मागील सभेचे मिनिट्स वाचतो."

कुणी हसले नाही.

क्षमा मागायला मला पुरते एक मिनिटही लागले नाही. पण ते मिनिट यायला आठ दिवस जावे लागले!