काटा ‘अर्धी टाकी’ दाखवत होता, तरी बोट देवबागला बंद पडली



या वेळच्या व्हिडिओत बोटीच्या पेट्रोल टाकीचा सेंडर बदलून दाखवलाय. व्हिडिओत हात दिसतात, पण हिशोब आणि चुका दिसत नाहीत. म्हणून हा लेख. बोटींचं काम करायचं नसेल तरी वाचा, कारण सर्व्हिसच्या कुठल्याही धंद्यात हेच घडतं.

आधी माझी चूक सांगतो.

दुकान सुरू करून दुसराच सीझन होता. तारकर्लीच्या एका काकांची बोट आली. मीटरचा काटा हलतच नव्हता. मी टाकी उघडली, जुना सेंडर काढला, दुकानातला नवा बसवला. टाकी तेव्हा साधारण अर्धी होती आणि काट्यानेही अर्धी दाखवली. मी खूश, काका खूश, पैसे घेतले.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. बोट देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बंद पडली होती. आत पर्यटक आणि ओहोटीची ओढ बाहेर समुद्राकडे. शेजारच्या बोटीच्या तांडेलाने दोर टाकून ओढून आणली म्हणून निभावलं. मी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा काका चिडले नव्हते. फक्त म्हणाले, “दोन दिवस पेट्रोल भरूक नाय, तरी काटो वर कसो चढलो रे?”

टाकी कोरडी ठणठणीत होती आणि काटा ‘फुल्ल’वर उभा होता.

नेमकं काय झालं?

सेंडर म्हणजे गॅरेजवाले ज्याला टाकीचा फ्लोट म्हणतात तो. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वरखाली होतो, त्याच्याबरोबर दांडी हलते आणि विजेचा रेझिस्टन्स बदलतो. मीटर तो रेझिस्टन्स वाचून काटा हलवतं. म्हणजे मीटरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ओहम दिसतात.

आणि या ओहमच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन पद्धतीत रिकामी टाकी म्हणजे 240 ओहम, भरलेली म्हणजे 33. युरोपियन पद्धतीत बरोबर उलटं: रिकामी 10, भरलेली 180. काकांचं मीटर अमेरिकन होतं, मी बसवलेला सेंडर युरोपियन. अमेरिकन मीटरला साधारण 100 ओहम म्हणजे अर्धी टाकी. युरोपियन सेंडरही अर्ध्या टाकीला त्याच्याच आसपास असतो. म्हणून त्या संध्याकाळी सगळं बरोबर दिसलं. नंतर पेट्रोल उतरत गेलं तसा काटा चढत गेला. बोट चालवणाऱ्या पोराने नव्या मीटरवर विश्वास ठेवला, त्यात त्याची काय चूक?

मी फक्त मधला आकडा तपासला होता. दोन्ही टोकं तपासायला पाच मिनिटं लागली असती.

पार्ट विकण्याआधी दोष शोधा

काटा हलत नाही म्हणजे सेंडर गेला, असं लगेच ठरवू नका. खाऱ्या हवेत अनेकदा सेंडर ठीक असतो आणि अर्थिंगची वायर हिरवी पडून खाल्लेली असते. थिंबल बदललं की काम झालं. क्रम असा ठेवा:

1. चावी चालू करून मीटरच्या मागे 12 व्होल्ट येतात का आणि अर्थिंग पक्कं आहे का, मल्टिमीटरने बघा.

2. मीटरच्या मागची सेंडरची वायर सोडवा. अमेरिकन मीटर असेल तर काटा रिकाम्यावर जायला हवा. तेच टर्मिनल अर्थला टेकवलं की भरलेल्यावर. युरोपियन मीटरला याच्या उलट. काटा असा वागला तर मीटर ठीक आहे, आणि त्याची पद्धत कोणती तेही इथेच कळलं.

3. चावी बंद करून वायर पुन्हा मीटरला जोडा. आता टाकीकडचं टोक सेंडरवरून सोडवून अर्थला बांधा आणि मग चावी चालू करा. मीटरने तेच उत्तर दिलं तर मधली वायरही ठीक. टाकीजवळ चावी चालू असताना वायर कधीही टेकवू नका. एक ठिणगी पुरते.

4. शेवटी सेंडर. चावी बंद, वायर सुटलेली, आणि मल्टिमीटर ओहमवर. आकडाच आला नाही तर आतली तार तुटली. टाकीत कितीही पेट्रोल असलं तरी आकडा तोच येत असेल तर दांडी अडकलीय किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडालाय.

बदलताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. म्हणून बॅटरीची वायर काढा, सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या, विडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आधी पेट्रोल कमी करून घ्या.

उघडण्यापूर्वी सेंडरच्या भोवतीची वाळू आणि मीठ पुसा, नाहीतर ते सगळं टाकीत जाईल. मार्करने दिशेची खूण करा. स्क्रू काढून सेंडर तिरका करत हळू उचला, दांडी वाकवू नका. भोक लगेच झाका.

स्वच्छ काठीने टाकीची खोली मोजा. दांडीवाल्या सेंडरचा सांधा खोलीच्या मध्यावर यायला हवा, तरच फ्लोट तळापर्यंत आणि वरपर्यंत पोचतो. टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्यांना दांडी अडकत नाही ना, तेही बघा. जागा कमी असेल तर सरळ नळीसारखा सेंडर मिळतो. त्याच्यात फ्लोट नळीवरच वरखाली सरकतो.

नवा सेंडर टाकीत घालण्यापूर्वी टाकीपासून लांब, उघड्यावर वायरने मीटरला जोडा आणि दांडी हाताने खालून वर न्या. काटा रिकाम्यावरून भरलेल्यावर जायला हवा. हीच ती मी चुकवलेली पाच मिनिटं.

पॅकिंग नवंच वापरा, पेट्रोल सहन करणारं. साध्या सिलिकॉनने भागवू नका, पेट्रोलने ते सुटतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं, त्यामुळे जुन्या रबरावर भरवसा नको. बहुतेक सेंडरला पाच भोकं असतात आणि ती सारख्या अंतरावर नसतात. म्हणजे सेंडर एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. वायरला नवं थिंबल आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह. टाकी भरून पॅकिंगपाशी ओल किंवा वास येतो का ते तपासल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

आता धंद्याचं

मी त्या काकांचे सगळे पैसे परत केले, बुडालेल्या फेरीचे दिले आणि योग्य सेंडर फुकट बसवला. त्या महिन्यात ते जड गेलं. पण त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, तपासणीचे पैसे वेगळे. दोष शोधणं हेच आपलं खरं कौशल्य आहे. ते फुकट दिलं की पैसे पार्टवर कमवावे लागतात आणि मग गरज नसतानाही पार्ट विकायचा मोह होतो. समजा, तपासणी 500, सेंडर 1,800, पॅकिंग आणि किरकोळ सामान 200, मजुरी 1,000. एकूण 3,500. नुसतं थिंबल खराब निघालं तर गिऱ्हाईक 600 रुपयांत मोकळा. तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येणार.

दुसरी, जॉब कार्ड. मीटर कोणत्या पद्धतीचं, टाकीची खोली किती, रिकाम्याचे आणि भरलेल्याचे ओहम किती, हे लिहून त्यावर गिऱ्हाइकाची सही. दुकानात दोन्ही पद्धतींचे सेंडर वेगवेगळ्या खोक्यांत, वर मोठ्या अक्षरात आकडे.

तिसरी माझी आवडती. सेंडर बसवल्यावर पेट्रोल 10-10 लिटर मोजून ओततो आणि प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते एका कार्डावर लिहून लॅमिनेट करून देतो. बोटीची टाकी सगळीकडे सारख्या आकाराची नसते, त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे निम्मं पेट्रोल असं नसतं. कार्डाच्या खाली एक ओळ छापलीय: एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग राखीव. खर्च जवळपास काहीच नाही, पण बंदरावर लोक हे कार्ड एकमेकांना दाखवतात.

आणखी एक. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. बोटवाल्याला तेव्हा वेळ असतो, पण हातात पैसा नसतो. मी तपासणी तेव्हाच करून घेतो आणि पार्टचे पैसे सीझन सुरू झाल्यावर दोन हप्त्यांत घेतो. ऐन डिसेंबरच्या गर्दीत धावपळ करून केलेल्या कामातच चुका होतात, माझीही तशीच झाली होती.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या धंद्यात ‘अर्धी टाकी’ कुठे आहे ते शोधा. म्हणजे असं काम, जे देताना बरोबर दिसतं पण दोन्ही टोकांना तपासलेलं नसतं. शिलाईत असेल, केटरिंगमध्ये असेल, अकाउंट्समध्ये असेल. ते एका कागदावर लिहा आणि उद्यापासून माल देण्यापूर्वी तपासा.

ते काका आजही माझ्याकडेच येतात. दर वेळी चावी फिरवतात, काट्याकडे बघतात आणि मग काठी मागतात. मी न बोलता काठी देतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत!