एक्सप्लेनर : पंपाच्या इंजिनावर गो-कार्ट किती पळते?

पाण्याच्या पंपाला बसणारे 196 सीसीचे छोटे पेट्रोल इंजिन साधारण साडेपाच हॉर्सपॉवर देते. तेच गो-कार्टला किंवा मिनी बाइकला लावले, तर किती पळवेल? उत्तर बरेचसे स्प्रॉकेटच्या दातांत आहे.

गव्हर्नर या इंजिनाला 3600 आरपीएमच्या आसपास रोखतो. इंजिनाकडे 10 आणि चाकाकडे 60 दात असतील, तर चाक मिनिटाला 600 फेरे घेते. 11 इंची टायर एका फेऱ्यात सुमारे 88 सेंटीमीटर जातो. म्हणजे ताशी 32 किलोमीटर. मागे 40 दात लावले, तर कागदावर 47; पण पिकअप मरतो, क्लच तापतो आणि ब्रेक लावल्यावर थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागते.

मग काही जण थेट गव्हर्नरच काढतात. व्हिडिओत हे काम फारच सोपे दिसते! मूळ ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड मात्र त्या वेगासाठी बनवलेला नसतो. तो तुटला, तर क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. फ्लायव्हील फुटणे त्याहून वाईट, कारण कार्टमध्ये इंजिन सीटला खेटूनच असते. वेग हवाच असेल, तर आधी हे दोन्ही भाग बदलावे लागतात. आणि हो, नोंदणी नसलेली अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही.