स्टिअरिंगमागचे दोन कान

ननंदबाई मलकापूरला गाडीतून उतरणार होत्या आणि त्यांना आणायला मी निघाले होते. ह्यांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. "घाट जमेल ना तुला?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा विचारलं म्हणूनच मी, "न जमायला काय झालं!" असं जरा ठसक्यात म्हणून किल्ली उचलली. मागे सासूबाई आणि धाकटी, माझ्या शेजारी दहा वर्षांचे चिरंजीव.

जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलेलं. मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात, अडीचशे मीटरच्या आसपास. तेव्हा आगगाडी पकडायची म्हणजे राजूर घाट उतरायचा, मोताळ्यावरून मलकापूर गाठायचं. खामगावकडे जावं तर तिथंही ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा घाट आहेच. लग्नकार्य असो, दवाखाना असो, घाट काही चुकत नाही.

आमची गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायची कटकट नाही. दांडी 'डी'वर ओढायची आणि निघायचं. मी गाडी शिकले ती ह्यांच्या जुन्या गिअरच्या गाडीवर, त्यामुळे ही नवी मला फारच सोयीची वाटली. स्टिअरिंगच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन छोट्या पट्ट्या होत्या, डावीवर वजाबाकीची खूण, उजवीवर बेरजेची. गाडी घेताना मी विचारलंही होतं. विकणारा मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, ते रेसिंगवाल्यांसाठी असतं. तुम्हाला नाही लागायचं." घरी आल्यावर ह्यांनीही, "हात लावू नकोस बाई त्यांना, काहीतरी बिघडेल," असा सल्ला दिला. मीही नाही लावला.

घाट उतरू लागले. पाऊस नुकताच उघडलेला, डोंगर हिरवागार. सासूबाईंचं तोंडातल्या तोंडात स्तोत्र चाललेलं. गाडी आपसूक वेग घेत होती, म्हणून माझा पाय सारखा ब्रेकवर. तीन-चार वळणं झाली आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, काहीतरी करपलंय." स्वयंपाकघरातली सवय, नाक आधी त्यांचंच जागं झालं. मलाही वास आला. आणि पुढच्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा दाबला, तर गाडी नेहमीसारखी थांबेना. पाय जोरात, आणखी जोरात दाबावा लागला. पोटात कसं धस्स झालं म्हणून सांगू! मागे बघायचंही धैर्य झालं नाही. पुढे जरा रुंद जागा दिसली तिथं कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, दांडी 'पी'वर टाकली आणि मुलाला चाकाखाली दगड लावायला पाठवलं.

वर येणारी एक काळीपिवळी आम्हाला पाहून थांबली. चालक वयस्कर, डोक्याला रुमाल. चाकाजवळ वाकून म्हणाला, "बिरेक तापले ताई. पानी नोका टाकू त्याच्यावर, डिस्क वाकून जाईन. अर्धा घंटा थंडी होऊ द्या." मग मला विचारलं, "गिअरमंदी काऊन नाई उतरवत?"

मी म्हटलं, "अहो, ऑटोमॅटिक आहे ही. गिअर कुठं आहेत हिला?"

त्यानं खिडकीतून आत डोकावून स्टिअरिंगकडे बोट केलं. "मंग हे दोन कान कायले देले?"

तेव्हापासून आमच्या घरी त्यांना कानच म्हणतात. खरं नाव पॅडल शिफ्टर.

आता त्या कानांचं काम काय, ते जरा नीट सांगते, कारण त्या अर्ध्या तासात मला माझंच अज्ञान फार बोचलं. एस.टी. घाट उतरताना कशी घुंऽऽ करत, रेंगाळत उतरते ते आपण लहानपणापासून ऐकलंय. जुने चालक सांगतात, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं. खालच्या गिअरात गाडी असली की चाकं इंजिनाला जोरानं फिरवायला बघतात आणि इंजिन त्यांना अडवून धरतं. ब्रेकचं निम्मं ओझं इंजिनच उचलतं. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये असताना आपण अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की तिला वाटतं बाईसाहेबांना आता ताकद नको. ती वरचा गिअर टाकून मोकळी होते. सपाटीवर हे उत्तम, पेट्रोल वाचतं. उतारावर मात्र इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही नव्या गाड्यांना उतार ओळखता येतो, त्या आपणहून गिअर कमी करतात. पण आपली तशी आहे की नाही, हे घाटात शिरण्याआधी माहीत असलेलं बरं.

तो भार किती? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला मधल्या सुट्टीत फळ्यावर गणित मांडून दाखवलं. माणसांसकट १५०० किलोची गाडी ३०० मीटर खाली उतरली, तर जेवढी उष्णता तयार होते तिच्यात जवळजवळ १४ लिटर थंड पाणी खळखळून उकळेल. आंघोळीची मोठी बादली म्हणा ना! ही सगळी आच चार चाकांतल्या त्या एवढ्याशा पट्ट्यांनी सोसायची. करपल्याचा वास येईल नाही तर काय?

वापरायची रीत सोपी आहे. घाटाच्या तोंडाशीच, वेग कमी असताना डावा कान एकदा ओढायचा. एक गिअर कमी. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मागून कुणी पदर धरल्यासारखी थबकते. अजून जोर वाटला तर पुन्हा एकदा. आवाजाला घाबरू नका. मी पहिल्यांदा घाबरले होते. वेगाच्या मानानं फारच खालचा गिअर मागितला, तर गाडी ऐकतच नाही, पींक करून नकार देते. म्हणजे चुकून दोनदा ओढला तरी बहुधा अनर्थ होत नाही. उजवा कान गिअर वाढवतो. बहुतेक गाड्यांत हे कान चाकाबरोबर फिरतात, म्हणून ऐन वळणात चाचपडू नये, डावा कुठला नि उजवा कुठला कळत नाही. वळण यायच्या आधीच गिअर कमी करून घ्यावा.

'डी'मध्येच कान ओढला तर काही वेळानं गाडी आपली पुन्हा स्वतःच्या मनानं चालू लागते. लांब घाटात हे त्रासाचं होतं. अशा वेळी दांडीला 'एम' असेल तर ती तिथं सरकवावी, मग गिअर आपल्या ताब्यात राहतो. प्रत्येक गाडीची तऱ्हा वेगळी. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आमच्याकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं, दोन वर्षं. मिक्सरचं पुस्तक मी वाचते, आणि ज्यात पोरंबाळं बसवते त्या गाडीचं नाही वाचलं!

आणखी एक. इंजिनानं गाडी हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी जवळ असेल तर ब्रेकला जरासा पाय लावून त्याला कळवावं. आणि उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची जी पुरुषमंडळींची जुनी खोड आहे, ती आता सोडायला सांगा. हल्लीच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनाकडे जाणारं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतं. इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही घालवून बसतात.

चढावरही कान कामाचे. पुढे कापसाचा ट्रक रखडत चाललाय आणि समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसतोय, तर आधी डावा कान ओढून मगच अॅक्सिलरेटर दाबावा. गाडी विचार करत बसत नाही. समृद्धी महामार्गावर मेहकर-सिंदखेडराजाकडे सरळ जाताना मात्र त्यांना हात लावायची गरज नाही.

रेसिंगवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं म्हणा. फेरारीच्या शर्यतीच्या गाडीत जॉन बर्नार्ड नावाच्या अभियंत्यानं हे कान बसवले. १९८९ साली ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेल त्या गाडीवर पहिलाच आला, आणि नंतर त्या वर्षी ती कितीतरी शर्यतींत मध्येच बंद पडली. आता २०२२च्या मारुती ब्रेझा आणि अर्टिगाच्या ऑटोमॅटिकमध्येही ते आले. म्हणजे डबे, सतरंजी आणि सासूबाई घेऊन जाणाऱ्या गाडीत. विजेच्या काही गाड्यांतही असे कान असतात, पण तिथं गिअर नसतात. डावा कान ओढला की मोटर गाडीला जास्त अडवते आणि तीच वीज बॅटरीत परत भरते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ही अडवणूक कमी होते, तेव्हा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

त्या दिवशी अर्धा तास थांबलो. सासूबाईंनी डब्यातल्या दशम्या काढल्या, त्या काळीपिवळीवाल्या दादांनाही दिल्या. मग डावा कान दोनदा ओढून, ब्रेकला अधूनमधून नुसता स्पर्श करत उरलेला घाट उतरले. गाडी एस.टी.सारखी घुमत होती. मागून स्तोत्र पुन्हा सुरू झालं, पण या खेपेला मोठ्यानं.

पुढच्या रविवारी ह्यांना शेजारी बसवून तोच घाट उतरवून दाखवला. ते काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र, "सरक, मला दे," म्हणाले आणि घरी येईपर्यंत डाव्या-उजव्या कानाशी खेळत होते.

हो, एक सांगायचं राहिलंच. घाट संपला की उजवा कान थोडा वेळ दाबून धरला, तर बऱ्याच गाड्या 'डी'वर परत येतात. 'एम' घातलं असेल तर दांडी परत सरकवायची. मी मलकापूरला जाताना विसरले. मोताळ्यापर्यंत इंजिन नुसतं किंचाळत होतं, आणि शेवटी चिरंजीवच म्हणाले, "आई, आता सपाटी आली."