बेस हवा? आधी कानातली फट बुजवा

गोंदिया : गोंदियाहून दुपारी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई गाठते, तर पुणेमार्गे कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एक दिवसाहूनही अधिक काळ धावत असते. शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या तरुणाईचा या प्रवासातील सोबती म्हणजे मोबाइल आणि कानातला इअरफोन. गाणी अर्थातच ठेक्याची, आणि तक्रारही ठरलेली : बेस लागत नाही. मग आवाज वाढविला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर पुढच्या वेळी खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ असे ठळक छापलेला नवा इअरफोन घेतला जातो. बहुतेक वेळा रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा हा प्रकार असतो.

कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या इअरफोनला ‘इन-इअर मॉनिटर’ म्हणतात. मूळचे हे साधन रंगमंचावरील कलावंतांचे. मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या गदारोळात गायक-वादकांना स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा, यासाठी ते विकसित झाले. १९९५ मध्ये अमेरिकेतील ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडचे ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी असे मॉनिटर तयार केले आणि त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. बाहेरचा आवाज अडवून आतला आवाज माफक पातळीवर ऐकविणे, हा या साधनाचा मूळ हेतू. बेसप्रेमींनी नेमका तोच विसरता कामा नये.

याचे कारण ध्वनिशास्त्रात आहे. लग्नाच्या वरातीतला डीजे खोलीभर नव्हे, चौकभर हवा हलवितो. तो ठोका कानाआधी छातीला जाणवतो. इअरफोनचा पडदा जेमतेम नखाएवढा. त्याला हलवायला मिळते ती फक्त तो आणि कानाचा पडदा यांच्यातील चिमूटभर हवा. ही जागा पूर्ण बंद असेल, तर एवढासा पडदाही अगदी खालचा खर्ज खणखणीत ऐकवू शकतो. पण रबरी टोपी आणि कानाची त्वचा यांच्यात बारीकशी फट राहिली की दाब तिथून निसटतो, आणि सर्वांत आधी जातो तो बेस. उंच पट्टीतले सूर मात्र तसेच राहतात. परिणामी महागडा इअरफोनही किरकिरा आणि पातळ वाटू लागतो.

याची परीक्षा सोपी आहे. गाणे सुरू असताना दोन्ही इअरफोन बोटाने किंचित आत दाबून पाहावेत. बेस एकदम वाढला, तर दोष इअरफोनचा नसून टोपीच्या मापाचा आहे. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा टोप्या मिळतात. पण बहुतेक जण आधीपासून लावलेली मध्यम टोपी कधी बदलतच नाहीत. अनेकांचा डावा आणि उजवा कान सारख्या मापाचा नसतो, त्यामुळे दोन बाजूंना दोन मापे लावण्यात काही गैर नाही. सिलिकॉनची टोपी बसत नसेल, तर फोमची घ्यावी. ती बोटांनी दाबून कानात घातली की हळूहळू फुगते आणि नळीचा आकार घेते. ती लवकर झिजते खरी, पण नवा इअरफोन घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी.

रेल्वेत हा प्रश्न दुपटीने बिकट होतो. चाकांची घरघर आणि डब्याची गडगड हा स्वतःच खर्जातला आवाज आहे. खर्जाचा गोंगाट खर्जाचेच संगीत गिळतो. घरी भरदार वाटणारे गाणे वर्धा-बडनेरादरम्यान पोकळ वाटते ते त्यामुळे. त्यातच आपला कान मुळात खालच्या सुरांना कमी संवेदनशील. बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखविले होते. २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या सुराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज वाढविला की हा फरक कमी होतो आणि बेस ‘खुलतो’. हात आवाजाच्या बटणाकडे जातो तो याच कारणाने.

पण त्याची किंमत कान मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल. पातळी तीन डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलवर आठवड्याचा सारा वाटा पाच तासांतच संपतो. गाडी नागपूर सोडून अकोल्याच्या आसपास पोहोचेपर्यंतचा हा हिशेब आहे. आतल्या कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत आणि नुकसान होताना दुखतही नाही. चौकातल्या डीजेला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा धाक दाखविता येतो. कानातल्या डीजेला कोण अडविणार?

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. ‘मला बेस आवडतो’ एवढे सांगून भागत नाही, कोणता बेस ते ठरवावे लागते. साधारण २० ते ६० हर्ट्झचा खोल बेस हा हादऱ्यासारखा. इलेक्ट्रॉनिक आणि हिप-हॉप गाण्यांत तो लांबलचक गुंजत राहतो. ६० ते २५० हर्ट्झचा बेस म्हणजे ठोका. ढोलाचा दणका आणि ढोलकीच्या धुमेतली घुमारदार थाप बव्हंशी याच पट्ट्यात येते. स्वस्त ‘एक्स्ट्रा बेस’ इअरफोनमध्ये बहुधा या दुसऱ्या पट्ट्याचा वरचा भागच फुगविलेला असतो. पहिल्या ऐकण्यात मजा वाटते. मात्र पुरुषी आवाजाची भरदार बाजूही तिथेच असल्याने शब्द गढूळ होतात, आणि खालचा सूर वरच्याला झाकतो, या नियमानुसार घुंगरू, टाळ, व्हायोलिन मागे पडतात. लावणी ऐकणाऱ्यास असा इअरफोन मुळीच घेऊ नये, असे आमचे मत आहे.

संकेतस्थळांवर इअरफोनचे आलेख आता सर्रास मिळतात. त्यात एकच गोष्ट पाहावी : डावीकडचा उंचवटा कुठून सुरू होतो? तो २०० हर्ट्झच्या खालून चढत असेल, तर बेस भरपूर आणि तरीही स्वच्छ मिळण्याची शक्यता अधिक. ४००-५०० पासूनच चढ असेल, तर गाणे गोधडीखालून ऐकल्यासारखे वाटेल. खोक्यावरचे ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे आकडे जवळजवळ प्रत्येक इअरफोनवर असतात. त्यांवरून काही कळत नाही. एका इअरफोनमध्ये किती ड्रायव्हर आहेत, यालाही फारसे महत्त्व देऊ नये. श्रवणयंत्रांतून आलेले ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ड्रायव्हर उंच सुरांत चपळ असतात. बेससाठी एकच चांगला डायनॅमिक ड्रायव्हर पुरतो. चिनी कंपन्यांमुळे असे तारेचे इअरफोन आज हजार-दीड हजार रुपयांतही मिळतात. वारंवार रेल्वेप्रवास करणाऱ्याने जादा पैसे टाकायचेच, तर ते ‘नॉइज कॅन्सलेशन’ असलेल्या बिनतारी संचावर टाकावेत. हे तंत्र अखंड, खालच्या पट्टीतील घरघरीवरच सर्वाधिक प्रभावी ठरते.

कानात घालायची वस्तू असल्याने दुकानात ती बहुधा लावून पाहता येत नाही. परत करण्याची सोय आधीच विचारून घ्यावी आणि घरी ओळखीच्या गाण्यांवर पारख करावी. ‘सैराट’चे संगीत यासाठी सोयीचे आहे. अजय-अतुल यांनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले होते. ठेका जोरात असताना मागची तंतुवाद्ये वेगळी ऐकू येतात की नाही, हे तपासावे. बेस तरीही कमी वाटला, तर इक्वलायझरमध्ये खालचा पट्टा तीन-चार डेसिबलने वाढवावा आणि आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी तेवढीच उतरवावी. इअरफोनवरचे सूक्ष्म छिद्र मळाने किंवा बोटाने बुजू देऊ नये, कारण ते बेस सांभाळण्यासाठीच ठेवलेले असते. आणि इतका घट्ट बसणारा इअरफोन रूळ किंवा रस्ता ओलांडताना काढून खिशात ठेवावा. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही तो तितक्याच चोखपणे अडवितो.