गुरुजी, माऊसला भिऊ नका!

चाळीस मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने शांत करणारे गुरुजी संगणकासमोर बसले की त्यांच्या तळहाताला घाम का सुटतो? तीस वर्षे खडू धरलेली बोटे माऊसवर का थरथरतात? काष्टीसारख्या बाजाराच्या गावातील शाळा असो की मोठ्या शहरातील, हा प्रश्न दबक्या आवाजातच विचारला जातो. वास्तविक तो आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्यावर साधा उपाय आहे.

हे काम आता टाळता येण्यासारखे राहिलेले नाही. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी ‘सरल’ प्रणाली आली, २०१७ मध्ये ‘दीक्षा’ ॲप आले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाईलचा पडदा हाच फळा झाला. सेवेतील शिक्षकांना संगणक परीक्षेसाठी मुदत घालून देण्यात आली. ती चुकलेल्यांच्या वेतनवाढीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. अनेकांनी प्रमाणपत्र मिळवले. परंतु धाकाने परीक्षा पास होता येते, भीती मात्र धाकाने जात नाही, उलट वाढते.

शरीरात काय घडते?

मेंदूला धोका जाणवला की ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. समोर साप असेल तर पळण्यासाठी ही तयारी उपयोगाची. संगणकासमोर मात्र ती आड येते, कारण घाबरलेल्या मनाला एका वेळी थोडेच लक्षात राहते. आत्ताच सांगितलेली पायरी आठवत नाही, चूक होते, आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ अशी खूणगाठ बसते. हा बुद्धीचा दोष नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ मध्येच यंत्रामुळे येणाऱ्या अशा ताणावर पुस्तक लिहिले होते. तेव्हा घाबरणारे आपण पहिले नाही आणि एकटेही नाही.

शिक्षकांची एक खास अडचण आहे. त्यांना सांगण्याची सवय असते, विचारण्याची नसते. त्यातच नवे शिकताना भोवती सहकारी आणि समोर विद्यार्थी! चार लोक पाहत असताना सरावाचे काम अधिक चांगले होते, पण नवे काम बिघडते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडले. म्हणूनच साहेबांसमोर गुरुजींचा कवितेचा तास रंगतो आणि प्रोजेक्टरचे बटण मात्र सापडत नाही.

मग पासवर्ड तरुण सहकाऱ्याच्या किंवा नेट कॅफेवाल्याच्या हाती जातो. त्या क्षणी हायसे वाटते; पण टाळल्यामुळे मिळणारा हा दिलासाच भीतीला खतपाणी घालतो. पुढच्या वेळी ती अधिक मोठी होऊन उभी राहते. शिवाय मुलांची माहिती परक्याच्या हाती पडते, ते वेगळेच.

उपाय कोणता?

अल्बर्ट बांदुरा यांनी सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये सापाला कमालीच्या भिणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. काहींना साप हाताळणाऱ्यांची फिल्म दाखवली. काहींना जाणकाराने स्वतः साप हाताळून दाखवला आणि मग हळूहळू त्यांच्याकडूनही तसे करून घेतले. या दुसऱ्या गटाची भीती सर्वांत जास्त गेली. आपल्याकडे हे शहाणपण नवे नाही. काष्टीच्या शनिवारच्या बाजारातून गोऱ्हा आणणारा शेतकरी त्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला, मोकळ्या गाडीला जुंपतो. (उपमेबद्दल गुरुजी रागावणार नाहीत, अशी आशा आहे.)

पुढील गोष्टी करून पाहा :

१. पहिले आठ दिवस शाळेचे काम संगणकावर करू नका. रोज वीस मिनिटे, कोणी पाहत नसताना, आपले नाव, गावाचे नाव, लेकीला चार ओळी असे काहीही टाइप करा. चुकले तर पुसा. एखादे अक्षर चुकल्याने संगणक बिघडत नाही.

२. न हसणारा एक जोडीदार निवडा. त्याने फक्त तोंडाने सांगावे; माऊस गुरुजींच्याच हातात राहावा. हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

३. प्रत्येक पायरी आपल्या शब्दांत वहीत लिहून ठेवा.

४. धडधड वाढली तर हात बाजूला घ्या. दोन मिनिटे श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा.

५. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नवे काम शिकायला बसू नका.

डोळेही तपासा

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. संगणकाचा पडदा त्याहून दूर, साधारण हातभर अंतरावर असतो. अक्षर दिसत नाही, मान वाकडी होते, डोके दुखते, आणि दोष ‘संगणक जमत नाही’ याला दिला जातो! डोळ्यांच्या डॉक्टरांना आपले काम सांगून नंबर काढून घ्या. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहावे.

मात्र छातीत दुखणे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाणे, दरदरून घाम येणे याला ‘संगणकाची भीती’ समजून बसू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा. कामाच्या विचाराने झोपच उडाली असेल तरी सल्ला घ्या. त्यात कमीपणा नाही.

मुख्याध्यापकांना विनंती, की शिकणाऱ्याला सर्वांदेखत उभे करू नये. तरुण सहकाऱ्यांनी ‘सर, सरका, मी करतो’ म्हणून माऊस हिसकावू नये. त्यांचा वेळ वाचतो, पण गुरुजींची भीती पक्की होते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना क्यूआर कोडच्या कामासाठी २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. प्रत्येकाने तेवढी मजल मारावी असे नाही. आपली हजेरी आपण भरली, आपला पासवर्ड आपल्याजवळ राहिला, तरी पुष्कळ झाले.

पाटीवर पहिला ‘अ’ काढताना मुलाचा हात थरथरतो. त्या वेळी आपण त्याला जे म्हणतो, ‘चुकू दे, पुन्हा काढ’, तेच या वयात स्वतःलाही म्हणावे.